हॅलोचा आकार आणि दीर्घिकेतली गती : प्रकल्प नोंदी

विश्रामबाग, सांगली. जून ते सप्टेंबर २०२५. गटात मधूनच येणाऱ्यालाही काम पुढे उचलता यावं, म्हणून प्रत्येक पायरीचे ताळ्याचे आकडे नोंदीतच दिले आहेत. आपला कोड हे आकडे देत नसेल तर पुढच्या नोंदीकडे जाऊ नये.

९ जून २०२५

प्रश्न असा ठरला. दीर्घिकेभोवतीचा कृष्णद्रव्याचा हॅलो (न दिसणाऱ्या द्रव्याचा भलामोठा पसारा) गोल नसून चपटा, लांबट किंवा तिन्ही अक्षांनी वेगळा असेल, तर वायूच्या आणि ताऱ्यांच्या गतीत तो फरक कुठे उमटतो आणि किती?

नुसत्या वेगवक्रातून (केंद्रापासूनच्या अंतरानुसार फिरण्याचा वेग) हे कळत नाही. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेचा वेगवक्र मांडला. पुढे हायड्रोजनच्या २१ सेंमी रेषेवरून तो तारे संपतात त्याच्याही पलीकडे सपाट जातो, हे अनेक दीर्घिकांत दिसलं. त्यातून वस्तुमान किती हे समजतं, ते कसं पसरलंय हे समजत नाही. चकतीच्या पातळीतला वेग तोच ठेवून हॅलो वरखाली दाबता येतो आणि वेगवक्राला त्याचा पत्ता लागत नाही. आकार शोधायचा तर दोनच जागा आहेत: गती पातळी सोडून वरखाली जाते तिथे, आणि पातळीतच राहून वर्तुळ सोडते तिथे. सगळं काम या दोन जागांभोवती आहे.

एकके: लांबी किलोपार्सेक (सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं), वेग किमी/सेकंद, वस्तुमान सौर. मग गुरुत्व स्थिरांक ४.३००९१ × १०⁻⁶ येतो आणि काळाचं एकक ९७.७८ कोटी वर्षांचं होतं. ताळा: २० किलोपार्सेकवर वेग २०० असेल तर आतलं वस्तुमान १.८६ × १०¹¹, आणि एका फेरीला ०.६२८ एकक, म्हणजे ६१.४ कोटी वर्षं. गॅल्पाय (दीर्घिकांतल्या कक्षा काढणारी पायथन प्रणाली) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्याची स्वतःची एककं ८ किलोपार्सेक आणि २२० किमी/सेकंद अशी मूळची बसवलेली असतात. ती न बदलता आपले आकडे भरले तर कक्षा दिसायला सुरेख येते, पण ती भलत्याच दीर्घिकेची असते.

१२ जून

सुरुवात लॉगरिथमिक हॅलोपासून. विभव (दर एकक वस्तुमानामागची गुरुत्वीय ऊर्जा) = ½ वे² × लॉग(गा² + आ² + उ²/वि²). इथे वे हा दूरवरचा सपाट वेग, गा ही गाभ्याची त्रिज्या, आ हे पातळीतलं अंतर, उ ही पातळीपासूनची उंची आणि वि हे विभवाचं अक्षगुणोत्तर. वि १ पेक्षा कमी असेल तर हॅलो चपटा, जास्त असेल तर लांबट.

इथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विभव घनतेपेक्षा खूपच गोल असतो. गाभ्याच्या बरंच बाहेर घनतेचं अक्षगुणोत्तर घ = वि × √(२वि² − १) असं निघतं. आकडे:

वि ०.९५ → घ ०.८५
वि ०.९० → घ ०.७१
वि ०.८० → घ ०.४२

म्हणजे गोलापासूनचं विचलन घनतेत विभवाच्या साधारण तिप्पट असतं. तारा किंवा वायू ओढला जातो तो विभवाच्या उताराने, घनता त्याला थेट जाणवत नाही. त्यामुळे घनतेत ३० टक्के चपटा असलेला हॅलो गतीला फक्त १० टक्के चपटा भासतो. कुठल्याही लेखात 'हॅलोचा चपटेपणा ०.९' असं वाचलं की तो विभवाचा आहे की घनतेचा, हे आधी पाहावं. या एका गोंधळामुळे परस्परविरोधी वाटणारे निकाल पुष्कळदा एकच निघतात.

वरचं सूत्र गाभ्याच्या आत चालत नाही. वि ०.९ ठेवून केंद्राजवळ घनतेचा विस्तार केला तर घ ०.८६ येतो, बाहेर तोच ०.७१ होतो. आकार त्रिज्येनुसार बदलतो, तेव्हा एकच आकडा सांगताना त्रिज्याही सांगावी.

वि ०.७०७ च्या खाली गेला की उभ्या अक्षावर घनता ऋण होते. वि ०.७० आणि गा २ किलोपार्सेक घेतले तर केंद्रापासून सुमारे १४ किलोपार्सेक उंचीवर हे घडतं. कोड कुरकुर करत नाही, कक्षाही व्यवस्थित चालतात, आणि ऋण वस्तुमानातून आलेले निष्कर्ष कागदावर उतरतात. म्हणून घनता तपासणारं फंक्शन कक्षा चालवण्याआधीच बोलवायचं, असा नियम केला आहे.

१८ जून

खरा आकार घनतेतच द्यायचा असेल तर त्रिअक्षी एनएफडब्ल्यू हॅलो (नव्हारो, फ्रेंक आणि व्हाइट यांचा घनतेचा नमुना, तिन्ही अक्षांनी वेगळा केलेला) घ्यावा. गॅल्पायमध्ये तो तयार आहे. अगामामध्ये (अशीच दुसरी प्रणाली) आतला घातांक १, बाहेरचा ३, संक्रमणाचा १ देऊन तो बांधता येतो. एनएफडब्ल्यूचं एकूण वस्तुमान अनंताकडे जातं, म्हणून अगामात एकूण वस्तुमान देऊन तो बांधायचा तर बाहेरची कापाची त्रिज्या द्यावी लागते.

अक्षगुणोत्तर बदलताना घनतेचा गुणक तोच ठेवला की पातळीतला वेगही बदलतो. मग जो फरक दिसतो तो आकाराचा की वस्तुमानाचा, हे सांगता येत नाही. प्रत्येक आकारासाठी एका ठरलेल्या त्रिज्येवर (आपल्याकडे १० किलोपार्सेक) वर्तुळवेग पुन्हा २०० वर आणून मगच तुलना करायची.

२४ जून

कक्षा चालवणं. लीपफ्रॉग पद्धत (स्थान आणि वेग आळीपाळीने पुढे नेणारी), आणि तीही धक्का-सरक-धक्का (अर्धी पायरी वेग, पूर्ण पायरी स्थान, अर्धी पायरी वेग) या क्रमाने. पावसाळ्यात वीज जाते, यूपीएस फार वेळ टिकत नाही, म्हणून अधूनमधून स्थिती फाइलमध्ये लिहावी लागते. साध्या लीपफ्रॉगमध्ये वेग अर्धी पायरी मागे असतो. तो स्थानाबरोबर तसाच लिहून पुन्हा सुरू केला की प्रत्येक पुनरारंभाला कक्षेला छोटा खोटा झटका बसतो आणि ऊर्जेच्या आलेखात पायऱ्या दिसतात. धक्का-सरक-धक्का क्रमात पायरी पूर्ण झाल्यावर स्थान आणि वेग एकाच क्षणाचे असतात, त्यामुळे हा त्रास उद्भवत नाही. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि मग नाव बदलावं, म्हणजे लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते.

पायरीचा आकार सर्वांत आतल्या हालचालीवरून ठरवायचा. गा ०.१४ किलोपार्सेक आणि वेग २०० असेल तर गाभा ओलांडायला ०.०००७ एकक लागतात. ०.०००१ ची पायरी घेतली तर त्यात जेमतेम सात पायऱ्या बसतात, आणि केंद्राजवळून जाणाऱ्या कक्षा बिघडतात. ०.००००२ घेतली (सुमारे २० हजार वर्षं) की ३५ पायऱ्या मिळतात. पायरी मध्येच लहानमोठी करण्याचा मोह टाळावा. साध्या लीपफ्रॉगमध्ये तसं केलं की त्याचा मुख्य गुण जातो आणि ऊर्जा एका बाजूला सरकत राहते. बदलती पायरी हवीच असेल तर आठव्या क्रमाची डॉर्मंड-प्रिन्स पद्धत घ्यावी.

ताळा: पातळीतली लंबवर्तुळता शून्य ठेवली की उभ्या अक्षाभोवतीचा कोनीय संवेग लीपफ्रॉगमध्ये संगणकाच्या गोलाईइतकाच चुकायला हवा. ऊर्जा थोडी वरखाली डुलेल, पण सरकणार नाही. कोनीय संवेग सरकला तर बलाच्या सूत्रात चिन्हाची किंवा गुणकाची चूक आहे.

१ जुलै

आता पातळीतही हॅलो लंबवर्तुळी केला. आ² च्या जागी क्ष² + य²/ब², आणि लंबवर्तुळता ल = १ − ब. विभवाचा लांब अक्ष क्ष दिशेला.

दोन जातीच्या कक्षा मिळतात. वेढा घालणाऱ्या कक्षा केंद्राभोवती एकाच दिशेने फिरतात. पेटीच्या कक्षांना ठरलेली फिरण्याची दिशा नसते आणि त्या कधीतरी केंद्राच्या अगदी जवळून जातात. तारे दोन्हींवर राहू शकतात. वायू पेटीच्या कक्षेवर टिकत नाही, कारण त्या स्वतःलाच छेदतात. प्रवाह एकमेकांवर आदळतात, ऊर्जा गमावतात आणि वायू मिटणाऱ्या (फेरीनंतर सुरुवातीलाच येऊन जुळणाऱ्या) वेढ्याच्या कक्षांवर येऊन बसतो. म्हणून वायूचा वेग काढायचा म्हणजे मिटणाऱ्या कक्षा शोधायच्या.

पद्धत: क्ष अक्षावरून क्ष दिशेचा वेग शून्य ठेवून कण सोडायचा. अर्ध्या फेरीनंतर तो पुन्हा क्ष अक्षावर येईल तेव्हा क्ष दिशेचा वेग शून्य यावा, इतका सुरुवातीचा वेग ब्रेंटच्या मूळशोधाने (समीकरणाचं मूळ शोधणारी संख्यात्मक पद्धत) जुळवायचा. पहिला अंदाज वे × (१ + ल).

हा अंदाज सपाट वेगवक्रासाठी हातानेही निघतो. कक्षेची त्रिज्या (१ − ½ल कोसाइन २φ) प्रमाणे बदलते, आडवा वेग वे × (१ + ल कोसाइन २φ) आणि अरीय वेग वे × ल साइन २φ. φ हा विभवाच्या लांब अक्षापासूनचा कोन. म्हणजे कक्षेची लंबवर्तुळता विभवाइतकीच, पण तिचा लांब अक्ष विभवाच्या लांब अक्षाला काटकोनात. वे २०० आणि ल ०.१ असेल तर एका अक्षावर २२० आणि दुसऱ्यावर १८०. एवढ्याशा लंबवर्तुळतेतून ४० किमी/सेकंदांचा फरक! पातळीतला आकार इतक्या ठळकपणे बोलतो, म्हणून आधी इथेच शोधणं योग्य.

मर्यादाही लिहून ठेवू. हे ज्या सर्वसाधारण सूत्रातून येतं त्याच्या हरात एपिसायकल वारंवारतेचा (वर्तुळाच्या आतबाहेर डुलण्याच्या वारंवारतेचा) वर्ग वजा फिरण्याच्या वारंवारतेच्या (Ω) वर्गाची चौपट असं पद आहे. सपाट वक्रासाठी ते −२Ω² असतं. एनएफडब्ल्यूच्या आतल्या भागात, जिथे वेग त्रिज्येच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो, ते −Ω² होतं, म्हणजे प्रतिसाद वाढतो. सपाट गाभ्यात वेग सरळ रेषेत चढतो तेव्हा हर शून्यावर येतो आणि सूत्र कोसळतं. ही गणिताची नुसती अडचण नाही. गाभ्यात पेटीच्या कक्षांचं राज्य असतं आणि वायूला बसायला वेढ्याची कक्षाच उरत नाही, हेच ते सूत्र सांगतंय.

८ जुलै

चकती घातली. मियामोतो-नागाई (जाडी असलेल्या चकतीचं नेहमीचं सूत्र), वस्तुमान ६.८ × १०¹⁰, लांबी ३ किलोपार्सेक, जाडी ०.२८. गॅल्पायच्या आकाशगंगेच्या मूळ नमुन्यात हीच आहे.

चकती गोल असल्याने हॅलोची लंबवर्तुळता पातळ होते. एकूण वक्र सपाट असेल तर प्रभावी ल = हॅलोची ल × (हॅलोचा वेग² / एकूण वेग²). दोघांचा वाटा समान, म्हणजे प्रत्येकी १४१ आणि एकूण २००, तर ०.१ चे ०.०५ उरतात. तेजस्वी दीर्घिकांत चकतीचा वाटा चकतीच्या लांबीच्या २.२ पटीवर एकूण वेगाच्या ८५ टक्क्यांपर्यंत मानतात. मग वर्गात हॅलोला २८ टक्केच मिळतात, आणि ०.१ चे ०.०२८ होतात. भरगच्च सर्पिल दीर्घिकेच्या आतल्या भागात हॅलोचा आकार शोधणं म्हणूनच जवळपास व्यर्थ. मंद पृष्ठतेजाच्या किंवा वायूने भरलेल्या बटुदीर्घिका आणि मोठ्या दीर्घिकांचे बाहेरचे भाग, ही कामाची जागा.

स्पार्क या वेगवक्रांच्या संग्रहातल्या १७५ दीर्घिकांच्या फाइली वापरताना: चकतीचा वेग वस्तुमान-तेज गुणोत्तर १ धरून दिलेला असतो. ३.६ मायक्रॉनवर चकतीसाठी ०.५ आणि मधल्या फुगवट्यासाठी ०.७ घेण्याची रीत आहे, आणि ते गुणक वेगाच्या वर्गाला लावायचे. वायूचा वेग काही ठिकाणी ऋण दिलेला असतो: मध्यभागी वायू कमी असला की त्याची ओढ बाहेरच्या दिशेला असते. तिथे सरळ वर्ग न करता वेग × |वेग| घ्यावं, नाहीतर बाहेरची ओढ आतली होऊन बसते.

१५ जुलै

कृत्रिम वेगनकाशा. ल, कल (चकती आकाशाच्या पातळीशी किती झुकलीय तो कोन) आणि पातरेषेशी (या दोन पातळ्या छेदतात त्या रेषेशी) विभवाच्या लांब अक्षाचा कोन फ, हे तीन आकडे देऊन दृष्टिरेषेतला वेग काढला.

सपाट वक्रासाठी एक गोष्ट अनपेक्षितपणे सोपी निघते. आडवा आणि अरीय वेग एकत्र केले की तिसरं हार्मोनिक पद (कोनाच्या तिप्पटीचं) पूर्णपणे कटतं. उरतात दोनच: कोसाइन पदाचा गुणक (१ + ल कोसाइन २फ) आणि साइन पदाचा (−ल साइन २फ). म्हणजे लंबवर्तुळी हॅलोतला नकाशा हुबेहूब गोल हॅलोतल्या नकाशासारखा दिसतो, फक्त वेग थोडा कमीजास्त आणि गतीचा अक्ष थोडा फिरलेला. खरी भूमिती बाहेरून माहीत असेल तर हे फिरणं पकडता येतं. पण ती सहसा वेगनकाशातूनच काढलेली असते, आणि मग कललेल्या कड्यांची पद्धत (चकती कड्यांत तोडून प्रत्येकाचा कल आणि दिशा बसवणारी) हा फेर अक्षाच्या दिशेतच जिरवून टाकते.

जिरवताना मात्र खूण राहते. चुकीच्या दिशेने ठेवलेल्या कड्यात साइन ३θ चं पद उमटतं (θ हा कड्यावर पातरेषेपासून मोजलेला कोन). साइन पदांचे गुणक सा१ आणि सा३, कोसाइनचा को१, आणि क = कलाचा कोसाइन, असं मानलं तर

ल साइन २फ = [(सा३ − सा१)/को१] × (१ + २क² + ५क⁴)/(१ − क⁴)

शूनमेकर्स, फ्रान्क्स आणि डी झेउव यांनी १९९७ मध्ये हे मांडलं. गटातल्या प्रत्येकाने ते एकदा स्वतः काढावं, दीड पानात निघतं. कड्याची दिशा कोनातल्या छोट्या बदलाने हलवायची आणि अवशेषांच्या वर्गांची बेरीज किमान करायची, एवढंच.

उजवीकडचा गुणक कलानुसार किती बदलतो ते पाहा:

कल ३० अंश → १२.१
४५ अंश → ४.३
६० अंश → १.९
७५ अंश → १.२

ल साइन २फ = ०.०५, वेग २००, कल ६० अंश असेल तर सा३ सुमारे ३.१, सा१ सुमारे −१.३, फरक ४.५ किमी/सेकंद, आणि कडं २.८ अंशांनी फिरतं. तेच कल ३० अंश असताना फरक ०.४ किमी/सेकंद राहतो. कमी कलाच्या, म्हणजे चकती समोरून दिसणाऱ्या, दीर्घिका यादीतून काढल्या. ७५ च्या पुढेही जायचं नाही, कारण लघु अक्षावर दुर्बिणीच्या एका ठिपक्यात अनेक कडी मिसळतात.

वायूचं स्वतःचं वेगविखुरण (सरासरीभोवती वेगांचा पसारा) ८ ते १० किमी/सेकंद असतं. ४.५ ची खूण त्यापेक्षा लहान असली तरी पूर्ण कड्यावर सरासरी घेतल्यावर दिसते. खरी अडचण सर्पिल हातांची आहे. तेही एवढ्याच आकाराचे वेग उठवतात. फरक इतकाच की हातांची खूण त्रिज्येनुसार चिन्ह बदलत डोलते, हॅलोची एकाच चिन्हाची राहते. म्हणून एकेका कड्याचा आकडा न पाहता सलग बऱ्याच कड्यांची सरासरी पाहायची. मध्यात ताऱ्यांचा दांडा असेल तर त्याच्या आवाक्यातली कडी सोडून द्यावीत.

१६ जुलै

कालच्या नोंदीला जोड. सूत्रातून ल एकटा मिळत नाही, साइन २फ ने गुणलेला मिळतो. फ शून्य किंवा ९० अंश असेल तर कितीही लंबवर्तुळी हॅलो शून्य उत्तर देईल. यादृच्छिक कोनांसाठी |साइन २फ| ची सरासरी ०.६४. एका दीर्घिकेत शून्य आलं म्हणून हॅलो गोल म्हणता येत नाही, बऱ्याच दीर्घिकांत शून्याजवळ आलं तर म्हणता येतं. थिंग्ज या हायड्रोजनच्या सर्वेक्षणातल्या दीर्घिकांवर हीच पद्धत लावली गेली तेव्हा बहुतेक ठिकाणी विभव गोलाशी सुसंगत आला.

२४ जुलै

टोकदार घनता की सपाट गाभा, हा जुना वाद. सिम्युलेशन केंद्राकडे टोकदार घनता सांगतं, बटुदीर्घिकांचे वेगवक्र पुष्कळदा सपाट गाभा मागतात. हायाशी आणि नव्हारो यांनी २००६ मध्ये दाखवलं की त्रिअक्षी हॅलोमुळेही टोकदार घनता गाभ्यासारखी भासू शकते.

१ जुलैच्या सूत्रातून हे सरळ दिसतं. पातरेषा कक्षेच्या लांब अक्षाशी जुळली तर आपण नेमका वायू सर्वांत सावकाश चालतो तिथला वेग मोजतो. सिम्युलेशनमधल्या हॅलोचा विभव आत जास्त लंबवर्तुळी असतो. ल आत ०.२ आणि बाहेर ०.०५ असेल तर आतला वेग २० टक्के आणि बाहेरचा ५ टक्के कमी मोजला जातो. वर्गमुळाप्रमाणे चढणारा वक्र सरळ रेषेकडे झुकतो आणि गाभा 'सापडतो'.

याला उतारा आहे. ९० अंश फिरलेल्या दीर्घिकेत हाच परिणाम उलटा होऊन घनता आणखी टोकदार दिसायला हवी. मोठ्या नमुन्यात जर सगळेच वक्र गाभ्याकडे झुकत असतील, तर केवळ आकाराने त्याचं स्पष्टीकरण होत नाही. एकट्या दीर्घिकेच्या गाभ्यावर भाष्य करणाऱ्याने मात्र सा३ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

३१ जुलै

आता पातळीबाहेर. हॅलोचंच वर्चस्व असलेल्या बाहेरच्या भागात वायूच्या थराची जाडी = विखुरण × वि × त्रिज्या / वे. विखुरण ८, त्रिज्या २०, वे २०० : गोल हॅलोत ०.८० किलोपार्सेक, वि ०.९ ला ०.७२, वि ०.८ ला ०.६४. चपटा हॅलो पातळीजवळ घनता वाढवतो आणि थर दाबून ठेवतो.

फरक मोजता येईल का? १ कोटी पार्सेक अंतरावर १ किलोपार्सेक म्हणजे २०.६ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ०.८० आणि ०.७२ मधल्या जाडीच्या निम्म्या उंचीवरच्या रुंदीत फरक पडतो ०.१९ किलोपार्सेक, म्हणजे ३.९ विकला. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटरच्या, सुमारे २५ किलोमीटरवर पसरल्या आहेत. २१ सेंमीवर त्यातून दोन विकलांच्या आतबाहेरचा बारकावा मिळतो. पण बाहेरच्या विरळ हायड्रोजनचा क्षीण संदेश एवढ्या बारकाव्यात गोंगाटात बुडतो, ठिपका मोठा करावाच लागतो. (२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ही दुर्बीण लोकांना पाहता येते. गटातल्या नव्यांनी जरूर जावं.)

बारकाव्यापेक्षा मोठा अडथळा विखुरणाचा आहे. ८ च्या जागी ९ असेल तर जाडी १२.५ टक्के वाढते, आणि आपण शोधतोय १० टक्क्यांचा फरक. विखुरण त्रिज्येनुसार आणि १ किमी/सेकंदाच्या आत माहीत नसेल तर जाडीवरून सौम्य चपटेपणा सांगता येत नाही. ठळक चपटेपणा मात्र सांगता येतो. अरुणिमा बॅनर्जी आणि चंदा जोग यांनी वेगवक्र आणि वायूच्या थराची वाढती जाडी एकत्र बसवून देवयानीसाठी घनतेचं अक्षगुणोत्तर ०.४ काढलं (२००८). आकाशगंगेसाठी मात्र त्यांना लांबट हॅलो मिळाला, ज्याचं गुणोत्तर बाहेर २४ किलोपार्सेकवर २ पर्यंत चढतं (२०११). हे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आलं. तारे, वायू आणि हॅलो या तिघांचं गुरुत्व एकत्र धरणं हे त्यातलं बलस्थान. वरचं एका ओळीचं सूत्र वापरणाऱ्याने तारे आणि वायू यांचं स्वतःचं गुरुत्व वगळलंय, हे विसरू नये. ते आत धरलं की थर आणखी पातळ होतो, आणि वगळलं तर हॅलो खोटाच चपटा येतो.

८ ऑगस्ट

परांचन (कक्षेच्या पातळीचंच सावकाश फिरणं). पातळीशी थोड्या कलाने फिरणारी कक्षा चपट्या हॅलोत हळूहळू फिरते. दर = Ω × (१ − १/वि). वि ०.९ असेल तर −०.१११ Ω, म्हणजे कक्षा चकतीच्या पातळीला छेदते ती पातरेषा मागे सरकते. वि १.१ असेल तर +०.०९१ Ω, पुढे सरकते. दिशा उलटणं हा चपटा की लांबट याचा स्वच्छ पुरावा ठरू शकतो.

वे २०० ला, वि ०.९: १० किलोपार्सेकवर परांचनाची फेरी २७६ कोटी वर्षांची, २० किलोपार्सेकवर ५५३ कोटी वर्षांची. हजार कोटी वर्षांत आतली कक्षा साडेतीन फेऱ्यांहून अधिक, बाहेरची पावणेदोनच्या आसपास. इतक्या फरकाने चकतीच्या कडेची मुरड गुंडाळून विस्कटून जायला हवी. पण मुरडलेल्या चकत्या सर्रास दिसतात. म्हणजे मुरड नव्याने घडत असते, किंवा चकतीचं स्वतःचं गुरुत्व तिला एकसंध धरून ठेवतं, किंवा बाहेरचा हॅलोच आतल्याशी कलता असतो. आपल्या कोडमध्ये चकती ताठ आहे, त्यामुळे मुरडीवर निकाल देण्याची त्याची ताकद नाही. इथे थांबायचं.

ताऱ्यांच्या ओघांबद्दल (फाटलेल्या बटुदीर्घिका किंवा गुच्छांच्या ताऱ्यांचे लांब पट्टे) सावधगिरी. धनू बटुदीर्घिकेच्या ओघावरून वेगवेगळ्या गटांनी जवळपास गोल, चपटा आणि लांबट असे तिन्ही हॅलो काढले होते. लॉ आणि माजेव्स्की यांनी २०१० मध्ये त्रिअक्षी विभव (लघु ते दीर्घ ०.७२, मधला ते दीर्घ ०.९९) बसवला. पुढे लक्षात आलं की मोठ्या मॅजेलॅनिक मेघाची ओढ धरल्याशिवाय हा ओघ समजतच नाही. तो मेघ आकाशगंगेला स्वतःकडे खेचतो, आणि स्थिर केंद्र मानून काढलेला आकार त्या खेचण्याची भरपाई करत बसतो. जीडी-१ या बारीक, जवळच्या ओघावरून २०१० मध्ये विभवासाठी ०.८७ आलं, पण त्यात चकतीचाही वाटा आहे. ओघाचं काम घेणाऱ्याने मेघाशिवाय सुरुवात करू नये.

१९ ऑगस्ट

सिम्युलेशनमधून आकार काढणं. इलस्ट्रिस-टीएनजी या विश्वरचनेच्या सिम्युलेशनचा विदा नोंदणी केल्यावर मोफत मिळतो, आणि पूर्ण पेटी न उतरवता एकेक हॅलो कापून घेता येतो. टीएनजी५० (त्यातलं सर्वांत बारकाव्याचं) मध्ये कृष्णद्रव्याचा कण ४.५ × १०⁵ सौर वस्तुमानाचा. १०¹² चा हॅलो म्हणजे सुमारे २२ लाख कण, स्थानांची फाइल ५३ एमबी. साध्या ब्रॉडबँडवर जमतं.

क्रम असा. अंतरं सहगामी (विश्वाचं प्रसरण वगळून मोजलेले) किलोपार्सेक भागिले ०.६७७४ (हबल स्थिरांकाचा गुणक) करून खरी करायची. पेटीच्या सीमेवर तुटलेला हॅलो जोडून घ्यायचा, नाहीतर अक्षगुणोत्तर हास्यास्पद येतं. केंद्र म्हणून वस्तुमानमध्य घ्यायचा नाही, सर्वांत घट्ट बांधलेला कण घ्यायचा. उपहॅलो (मोठ्या हॅलोतले छोटे हॅलो) काढून टाकायचे, बाहेरचा एकच जड उपहॅलो अक्ष स्वतःकडे वळवतो. मग गोल कवचापासून सुरुवात करून आकाराचा टेन्सर काढायचा, त्याच्या अक्षांप्रमाणे कवच लंबवर्तुळी करायचं, पुन्हा टेन्सर. दोन्ही गुणोत्तरं १ टक्क्याच्या आत स्थिर होईपर्यंत. पहिल्याच फेरीत थांबणाऱ्याचा हॅलो नेहमी खऱ्यापेक्षा गोल निघतो, कारण गोल चाळणीतून गोलच पडतं.

कणांची संख्याही पाहावी. अगदी गोल गोळ्यातून १००० कण घेतले तरी प्रत्येक अक्षाच्या सरासरी वर्गात ३ टक्क्यांच्या आसपास योगायोगाचा फरक असतो, आणि आपण अक्ष मोठ्याकडून लहानाकडे लावत असल्याने तो फरक नेहमी लंबवर्तुळतेच्याच बाजूला पडतो. कवचात १००० पेक्षा कमी कण असतील तर आकडा लिहायचा नाही. टीएनजी५० मधलं मऊकरण (ज्याच्या आत गुरुत्व मुद्दाम सौम्य केलेलं असतं ते अंतर) ०.२९ किलोपार्सेक, म्हणून त्याच्या काही पटींच्या आतला आकारही सोडून द्यायचा.

त्याच हॅलोची नुसत्या कृष्णद्रव्याची जोडीही उपलब्ध आहे. दोन्हींची तुलना हा या टप्प्याचा गाभा. वायू थंड होऊन मध्यात साचला की केंद्राजवळचा विभव खोल आणि गोल होतो, पेटीच्या कक्षा विस्कटतात आणि हॅलो गोलाकडे झुकतो. नुसत्या कृष्णद्रव्याच्या सिम्युलेशनमधला आकार थेट खऱ्या दीर्घिकेशी ताडून पाहण्यात म्हणूनच अर्थ नाही.

२ सप्टेंबर

खऱ्या नकाशांची निवड. थिंग्जचे नकाशे व्हीएलए या अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीवरचे, बारकावा सुमारे ६ विकला. पहिल्या फेरीत तीन: डीडीओ १५४ (कल सुमारे ६६ अंश, हॅलोचं वर्चस्व जवळजवळ केंद्रापासून), एनजीसी २४०३ (सुमारे ६३), एनजीसी ३१९८ (सुमारे ७२). तिन्ही १५ जुलैच्या कसोटीत बसतात. डीडीओ १५४ सर्वांत आधी, कारण तिथे चकतीने पातळ होण्याचा प्रश्न जवळपास नाही.

वेगनकाशा म्हणून सरासरी वेगाचा नकाशा घ्यायचा नाही. रेषा एका बाजूला झुकलेली असली की सरासरी शेपटीकडे ओढली जाते आणि काही किमी/सेकंदांची चूक सा३ मध्येच जाऊन बसते, म्हणजे नेमकी आपण शोधतोय त्या आकाराची. गाउस-हर्माइट वक्र (रेषेचा झुकावही सामावणारा) बसवून शिखराचा वेग घ्यावा. कड्याची रुंदी ठिपक्याच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवू नये. केंद्र आणि प्रणालीचा वेग आधी सर्व कड्यांसाठी एकच ठरवून गोठवायचा, मग कल आणि दिशा, शेवटी हार्मोनिक पदं. तिन्ही एकदम मोकळे सोडले तर केंद्र सरकतं आणि शून्यावं व दुसरं पद खोटं उमटतं.

डीडीओ १५४ चा घन (आकाशातली जागा आणि वेग यांचा त्रिमित विदा) उतरवून झाला आहे. वक्र बसवण्याचं काम चार भागांत वाटलं आहे, प्रत्येक भागाची फाइल सामायिक फोल्डरमध्ये आहे.